पाऊस पडला तर सरकारचा, बुडवून गेला तर निसर्गाचा: पृथ्वीविज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मी बडोद्यात कारेलीबागेत पोळी-भाजीचे डबे देते. गेल्या मंगळवारी एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये टोमॅटोच्या क्रेटवर पुठ्ठ्याची पाटी दिसली: 'ग्राहक दीठ एक किलो'. क्रेटच्या तळाशी फुटलेले तीन टोमॅटो आणि भिजलेला कागद, एवढेच शिल्लक होते. मागे उभ्या असलेल्या आजोबांनी छताकडे बोट दाखवून सांगितले, "वर विमानातून काहीतरी फवारतात, त्याचाच हा प्रताप आहे." रांगेतले कुणीही हसले नाही.

मी अडाणी नाही. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस गुजरातेत भात आणि भुईमूग कुजवणारा पाऊस अरबी समुद्रातील कमी दाबामुळे आला, हे मला समजते. पण त्याच आठवड्यात, 28 ऑक्टोबरला, दिल्लीवर कृत्रिम पाऊस पाडायला ढगांत मीठ आणि सिल्व्हर आयोडाइड सोडण्यासाठी विमान उडाले, आणि हवेत पुरेसा ओलावाच नसल्यामुळे तेथे म्हणावा असा थेंब पडला नाही. जेथे हवा तेथे पाऊस नाही, जेथे नको तेथे शेत पाण्याखाली! ढगच नसले तर फवारून पाऊस पाडता येत नाही, हे एक वाक्य रांगेतल्या माणसाला त्याच्या भाषेत वेळेवर सांगायला कोणाची परवानगी लागत होती?

या फवारणीबद्दल मी विचारलेही. माहिती अधिकारात एका कार्यालयाला अर्ज केला की आमच्या जिल्ह्यावर असा प्रयोग कधी झाला आहे काय, झाला असल्यास तारीख द्यावी. कायद्याने 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. खिडकीवरच्या साहेबांनी "पंधरा दिवसांत घरी येईल" असे वचन दिले होते. आज 52 वा दिवस आहे. 'असा प्रयोग झालेला नाही' एवढे चार शब्द टंकायला 52 दिवस लागत असतील, तर त्या आजोबांना मी कोणत्या तोंडाने खोटे ठरवू?

आपल्याच मंत्रालयाच्या पुण्यातील संस्थेने 2009 पासून ढगांवर प्रयोग केले आणि सोलापूरजवळच्या प्रयोगात पाऊस सुमारे 18 टक्के वाढल्याचे सांगितले. सप्टेंबर 2024 मध्ये 'मिशन मौसम' या हवामानविषयक योजनेसाठी 2000 कोटी रुपये मंजूर झाले. देशाच्या 140 कोटी माणसांत ते वाटले, तर माणशी 14 रुपये येतात. त्यात पाव किलो टोमॅटोही येतील की नाही, शंकाच आहे. पाऊस वाढला की आपण टक्केवारी सांगता आणि पीक बुडाले की निसर्गाकडे बोट दाखवता, ही वाटणी फारच सोयीची आहे.

माझे म्हणाल तर ऑगस्ट 2024 च्या पुरात, धोक्याची पातळी 26 फूट असलेली विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत पाणी होते. दोन पोती कणीक, तूरडाळ, शेगडी, सगळे गेले. पाणी ओसरल्यावर गल्लीत मगर निघाली, ती वन खात्याने तत्परतेने नेली. मगरीची तेवढी चौकशी झाली; माझी अजून कोणी केलेली नाही. कर्ज काढून पुन्हा शेगडी पेटवली, आणि आता भाजीच मोजून मिळते.

टंचाई झाली की दरवेळी आम्ही ऐकतो, साठा मुबलक आहे. असेलही, पण तो कोणत्या गोदामात आहे? कांद्याची निर्यात डिसेंबर 2023 मध्ये बंद झाली आणि मे 2024 मध्ये ऐन मतदानाच्या तोंडावर उघडली. कांद्याला निवडणुकीचा वास आपल्या हवामान खात्याच्या आधी लागतो, असे आमच्या गल्लीत म्हणतात. ज्या राज्यकारभारात भावाचे कारण कोणी सांगत नाही, पावसाचे कारण कोणी सांगत नाही आणि अर्जाला उत्तरही देत नाही, तेथे लोक आकाशात विमाने शोधणारच.

तरी विनंती अशी की, देशात जेथे जेथे ढगांवर फवारणी होईल, त्या प्रत्येक उड्डाणाची तारीख, जागा आणि वापरलेले पदार्थ त्या जिल्ह्याच्या भाषेत त्याच दिवशी जाहीर व्हावेत. आणि माझ्या अर्जाला उत्तर यावे, नकारार्थी असले तरी चालेल.

तोपर्यंत माझ्या डब्यातली कोशिंबीर बंद आहे. ती का बंद आहे असे जे विचारतात, त्यांना मी आपल्या मंत्रालयाचा पत्ता देते.

आपली,
बडोद्यातील एक डबेवाली