व्हिएन्नातल्या रात्रपाळीच्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची परवानगी घेतलेली नाही, म्हणून तुमचं आणि हॉटेलचं नाव लिहीत नाही. पण स्टेफान्सप्लाट्झ चौकाच्या मागच्या गल्लीतल्या त्या थ्री-स्टार हॉटेलात, एका रविवारी रात्री, तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं असं मला फार वाटतं.

विमानात जागा नाही म्हणून बाबांची हातातली बॅग अगदी दारात काढून घेतली गेली आणि ती व्हिएन्नाला पोचलीच नाही. गोळ्या तिच्यातच. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, सकाळपासून पोटात एकही गोळी नाही. आईचा चेहरा उतरला होता. मी काउंटरवर येऊन ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणाले.

तुम्ही फोन उचलला नाहीत. आधी बाहेर येऊन बाबांसमोर बसलात. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, हात जड वाटतोय का, एकेक प्रश्न सावकाश विचारलात. मग मला म्हणालात, यातलं काहीही असतं तर ॲम्ब्युलन्सचा १४४ लावला असता, आता १४१ लावू. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी घरी येणाऱ्या डॉक्टरांचा तो नंबर. हा फरक मला कुठून माहीत असणार? त्या फरकामुळेच आमची रात्र दवाखान्यात गेली नाही.

डॉक्टर येईपर्यंत तुम्ही १४५५ वर जवळचं कुठलं औषधाचं दुकान उघडं आहे ते विचारून घेतलंत. रविवारी तिथे बहुतेक सगळं बंद. सुपरमार्केट उघडी मिळाली तर मोठ्या रेल्वे स्टेशनांत. पण औषधाची दुकानं पाळीपाळीने रात्रभर सेवेला असतात आणि बंद दुकानाच्या दारावरही उघड्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो, हे तुमच्याकडून कळलं. आपल्याकडच्या ब्रँडची नावं तिथे कुणाला कळणार? तुम्ही कागद पुढे सरकवलात आणि गोळीतल्या औषधाचं मूळ नाव नि मिलिग्रॅम लिहायला सांगितलंत. टेल्मिसार्टन ४०, क्लोपिडोग्रेल ७५. डॉक्टरांनी बाबांना तपासलं, माझ्या फोनमधलं आमच्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन पाहिलं आणि त्याच नावांनी चिठ्ठी लिहून दिली. "विम्यासाठी पावती मागून घ्या," ही आठवणही तुमचीच. दुकानाचं दार लावलेलं असेल, घंटा वाजवा, छोट्या खिडकीतून औषध देतील, रात्रीचे थोडे जास्त पैसे घेतील, असं सगळं तुम्ही आधीच सांगितलं होतंत. म्हणून त्या अंधाऱ्या दारापुढे मी गोंधळले नाही.

मोठ्या हॉटेलात अशा कामांना वेगळा माणूस असतो. तुमच्याकडे रात्री तुम्ही एकट्या. येणाऱ्यांना किल्ल्या द्यायच्या, फोन घ्यायचे आणि मधूनच न्याहारीची टेबलं लावायची. तरी मी परत आले तेव्हा बाबांपुढे दही आणि पाव होता, उपाशीपोटी गोळी नको म्हणून. आई बाटलीबंद पाण्यासाठी अडून बसली होती. तिला तुम्ही नळाचं पाणी ग्लासात भरून दिलंत आणि १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी या शहरात नळाने येतं हे समजावलंत. पुढे सगळा मुक्काम तिने तेच पाणी प्यायलं. आणि ती खोली! जुन्या इमारतीत जिने चढून गेल्यावर मग पहिला मजला सुरू होतो; तुम्ही न मागता आम्हाला लिफ्टजवळची खालची खोली दिलीत.

मंगळवारी बॅग आली. मी स्टेफान्सडोम या मोठ्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या चढून आले, तोवर आई-बाबा खाली बाकावर बसून छतावरच्या रंगीत कौलांची नक्षी बघत होते. बाबा निवांत होते. ती दुपार आम्हाला तुमच्यामुळे मिळाली.

निघताना पाकीट पुढे केलं तर तुम्ही ते घेतलं नाहीत. हॉटेलच्या मालकांना मी वेगळं पत्र पाठवलं आहे, त्यात तुमचं नाव आहे.

बाबांची परवा तपासणी झाली, बीपी ठीक आहे. तुमच्या आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते आईला कळवा, रोज विचारते.

तुमची ऋणी,
पुण्याची एक पाहुणी