हिराकसही पुडीत, गोळ्याही पुडीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसावरच्या केवड्याबद्दल, म्हणजे लोह कमी पडून पानं पिवळी होण्याबद्दल, आपल्या शेतीच्या पानावर आलेला मजकूर वाचला. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, हे आमच्या चुनखडीच्या रानात दरसाल दिसतं. हेक्टरी २५ किलो हिराकस (लोहाचं सल्फेट) शेणखतात मुरवून द्या, हा सल्ला बरोबरच आहे. नुसता विसकटला तर चुनखडी त्याला धरून बसते आणि पैसे मातीत जातात.

पण हा माल हातात कसा पडतो ते लेखात नव्हतं. तालुक्याच्या गावी मी दोन किलो मागितला, तर रद्दीच्या कागदात बांधून दिला. वर नाव नाही, गाव नाही. शेजारच्या पोत्यात मोरचूद (तांब्याचं सल्फेट), दोन्हींना पारडं एकच. घरी येऊन उघडलं तर निम्मा माल गंजासारखा तांबूस. ताजा हिराकस फिकट हिरव्या खड्यांचा असतो. ओलसर हवा लागली की तो पिवळट-तांबडा पडतो, आणि मग त्यातलं लोह पिकाला फारसं लागू होत नाही. हिरवा तो हिराकस, निळं ते मोरचूद, एवढ्या एका खुणेवर सगळा कारभार. तीही अशी पुसलेली.

पत्र लिहायला बसलो ते मात्र दुसऱ्या पुडीमुळे. मुलगी बाळंतपणाला आली आहे. तिला लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या, त्याही सुट्या, कागदात गुंडाळून. या गोळ्यांमध्ये बहुधा हाच हिराकस असतो, औषधासाठी शुद्ध केलेला. तिचा थोरला दोन वर्षांचा. परवा ओठ लालभडक करून अंगणात आला. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "किती गेल्या?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. पाकीट असतं तर रिकाम्या खाचा मोजल्या असत्या. पुडीत किती उरायला हव्या होत्या, हे मुलीला घाबरल्यामुळे आठवेना.

आकड्याला एवढं महत्त्व का, ते सांगतो. अशा एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. मुलाच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्रास सुरू होतो, ६० च्या वर जिवावर बेततं. आमचा नातू ११ किलोचा, म्हणजे चार गोळ्यांत पहिली रेघ ओलांडली. वर हे विष फसवं. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास पोर बरं दिसतं, घरचे निर्धास्त होतात, आणि त्यानंतर रक्तदाब कोसळतो, यकृत बिघडतं. नातवाला दोन उलट्या झाल्या, रात्रभर ठेवून घेतलं, निभावलं.

गोळ्या बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय निघाला. शी काळी होते म्हणून घाबरून गोळ्या उकिरड्यावर टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. शी काळी होणं साहजिक आहे, त्यात काही बिघडत नाही. चहाबरोबर मात्र घेऊ नये. वर्गात मी गार कोऱ्या चहात हिराकसचा खडा टाकून दाखवायचो, पेला शाईसारखा काळा व्हायचा. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, तीच ही गंमत. लोह असं चहात अडकलं तर रक्तापर्यंत पोचणार किती?

अमेरिकेत १९९७ साली जास्त लोहाच्या गोळ्या एकेक वेगळ्या वेष्टनात देणं सक्तीचं केलं, आणि लहान मुलांचे मृत्यू झपाट्याने उतरले. आपल्याकडे निदान पट्टी फोडून तरी देऊ नका. हव्या तेवढ्या गोळ्यांची पट्टी कात्रीने कापली तरी चालेल. आणि पुढच्या वेळी हिराकसबद्दल छापाल तेव्हा 'छापील पिशवी आणि पावती मागून घ्या' एवढी ओळ जोडा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. बारामती