इबादानहून, गरी आणि आमाल्याबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. 'तिकडचे ते पिठाचे गोळे म्हणजे नुसता स्टार्च ना रे' असं लिहिलंयस, ते खरं सांगू का, जरा लागलंच मला, दोन वर्षं झाली इथे नायजेरियात दुपारी मी तेच जेवतोय.

अरे, त्यातला एक गोळा कसाव्याचा, आणि कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच कंद. त्यात सायनाइड होणारं द्रव्य असतं, नीट काढलं नाही तर जिवावर बेतू शकतं. आमच्या गल्लीच्या टोकाला बायका गरी, म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा, करतात, परवा तिथे तासभर उभाच राहिलो. कंद सोलून किसायचे, कीस पोत्यात भरून वर मोठाले दगड ठेवायचे, मग दोन-तीन दिवस पांढरं पाणी नुसतं गळत राहतं आणि वास अगदी आपल्या इडलीच्या पिठासारखा आंबूस, नंतर चाळून पसरट कढईत हात न थांबवता भाजायचं. यातच बरंचसं विष निघून जातं.

पण प्रोटीनचं म्हणशील तर तुझं खरंय, 100 ग्रॅम गरीत जेमतेम 1-2 ग्रॅम. याम म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद, त्याच्या पिठाचा आमाला, तो उकळत्या पाण्यात घोटला की चॉकलेटी होतो, त्यात थोडं जास्त, आणि उत्तरेकडे ज्वारी-बाजरीचा तुवो करतात, त्या पिठात 10 च्या आसपास. पण नुसता गोळा खातं कोण! सोबत एगुसीचं सूप असतं, कलिंगडाच्या जातीतल्या फळाच्या बियांचं, त्या बियांत पाव हिस्सा तरी प्रोटीन, वर मासे, पालेभाजी, पाम तेल. आपण खिचडीत दाण्याचं कूट घालतो तसंच हे.

मला काळजी वाटते ती लहान पोरांची. क्वाशिओरकोर हा शब्द घानातल्या गा भाषेतला, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1935 मध्ये तो वैद्यकात आणला, धाकटं भावंड आलं की अंगावरचं तुटलेल्या मुलाचा कुपोषणाचा आजार. त्या मुलांच्या वाट्याला मुख्यतः मक्याची पेजच यायची. इथेही बाळांना ओगी देतात, मका भिजवून वाटून गाळून आंबवलेली पेज, आणि गाळताना कोंड्याबरोबर प्रोटीनही जातं रे. शेजारच्या आजी नातवाच्या ओगीत सुकटीची पूड घालतात, बघून इतकं बरं वाटलं मला.

तू रोज वॉर्डात मुलांचा आहार बघतोस म्हणून विचारतो, नऊ महिन्यांच्या बाळाच्या वाटीभर पेजेत भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट किती घालावं? शेंगदाणे इथे ढिगानं मिळतात. लवकर कळव, आजी रोज विचारतायत.

तुझाच,
इबादानकर