निविदा दिसते, देयक दिसत नाही

महोदय,
राज्य सरकारच्या महाटेंडर्स या ई-निविदा संकेतस्थळावर पालिकेची निविदा सापडते. पण कार्यादेश कुणाला, अंदाजपत्रकापेक्षा किती कमी दराने, मुदतवाढ किती वेळा आणि शेवटचे देयक केवढ्याचे, हे एका जागी क्वचितच मिळते. आमच्या पालिकेत मिळाले ते स्कॅन केलेले पीडीएफ, तेही तिरके! वास्तविक माहिती अधिकार कायद्याचे (२००५) कलम ४ अशी माहिती मागण्याआधीच जाहीर करायला सांगते. युक्रेनमध्ये २०१६पासून सरकारी खरेदी ‘प्रोझोरो’ या ऑनलाइन प्रणालीवर होते, बोलीपासून करारापर्यंतचे तपशील कुणालाही पाहता येतात. आपल्याकडे निदान रस्तेदुरुस्तीची कामे प्रभागनिहाय एक्सेलमध्ये, मोजमाप पुस्तकातील (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मापांच्या) नोंदींसह टाकावीत. एकच रस्ता दरवर्षी कोण करतो, ते आम्ही शोधू.
– एक करदाता