६८ ची थोरवी आकड्यांच्या बेरजेत नाही

महोदय,

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात ६८ हा आकडा घरोघरी ऐकू येतो. श्री सिद्धरामेश्वरांनी पंचक्रोशीत स्थापलेल्या ६८ लिंगांविषयी येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. अलीकडे मात्र याच सुमारास मोबाइलवर एक मजकूर फिरतो: ६ आणि ८ मिळून १४, १ आणि ४ मिळून ५, म्हणून ६८ ही पंचमहाभूतांची संख्या. श्रद्धेविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु असा ५ दर नऊ संख्यांमागे एकीला मिळतोच. ५९, ७७ आणि ८६ यांचीही बेरीज शेवटी ५ च येते, आणि त्यांना कोणी विचारत नाही.

६८ चे खरे वैशिष्ट्य निराळे आहे. गणितज्ञ गोल्डबाख यांनी ७ जून १७४२ रोजी दुसरे गणितज्ञ ऑयलर यांना लिहिलेल्या पत्रातून एक प्रसिद्ध अनुमान पुढे आले, की २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांच्या बेरजेने मिळते. संगणकाने ४ वर १८ शून्ये इतक्या मोठ्या संख्येपर्यंत ते तपासले असून एकही अपवाद सापडलेला नाही, पण सिद्धता अजून कोणालाही देता आलेली नाही. आता ६८ घ्या. तिच्या जोड्या दोनच: ७ + ६१ आणि ३१ + ३७. (यात्रेत मानाचे नंदीध्वज ७ असतात म्हणून पहिल्या जोडीचा कृपया नवा अर्थ लावू नये.) शेजारच्या ६६ ला अशा ६ आणि ७० ला ५ जोड्या आहेत. ६८ पेक्षा मोठी आणि नेमक्या दोनच जोड्या असलेली सम संख्या आजवर कोणालाही सापडलेली नाही. ती नसावीच असा तज्ज्ञांचा कयास आहे, पण तोही सिद्ध झालेला नाही.

६८ च्या वाट्याला एवढ्या कमी जोड्या का आल्या, हे सहावी-सातवीचा विद्यार्थीही शोधू शकतो. ३ पासून ३१ पर्यंत १० मूळ संख्या आहेत. त्यांपैकी ५, ११, १७, २३ आणि २९ या ६८ मधून वजा केल्या तर अनुक्रमे ६३, ५७, ५१, ४५ आणि ३९ उरतात, आणि या पाचही संख्यांना ३ ने भाग जातो. म्हणजे निम्म्या उमेदवार एका झटक्यात बाद होतात. ३, १३ आणि १९ वजा केल्यावर उरणाऱ्या ६५, ५५ आणि ४९ यांचाही निभाव लागत नाही. ६६ ला स्वतःलाच ३ ने भाग जात असल्यामुळे तिची अशी गळती होत नाही.

इतर गुणधर्म तुलनेने किरकोळ आहेत. २ चा वर्ग आणि ८ चा वर्ग मिळून ६८ होतात, आणि पाय (π) या संख्येच्या दशांश अंकांत दोन अंकी जोड्यांपैकी ‘६८’ सर्वांत शेवटी, सहाशेहून अधिक अंक ओलांडल्यावर दिसते. हा निव्वळ योगायोग असला तरी मुलांना तो आवडतो.

माझी सूचना एवढीच, की २२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन आणि संक्रांत यांच्यामधल्या दिवसांत आपल्या बालविभागात १ ते २०० संख्यांचा तक्ता छापावा आणि मुलांना प्रत्येक सम संख्येच्या जोड्या शोधायला सांगाव्यात. नेमक्या तीनच जोड्या असलेली सर्वांत मोठी ज्ञात संख्या कोणती, हेही त्यातच विचारावे. उत्तर त्या तक्त्याबाहेरचे नाही.

आपला,
गणिताचा एक निवृत्त शिक्षक, सोलापूर