ओंकारच्या पीएचडीबद्दल, सविस्तर

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

बाबा, ओंकारला एमएस्सीनंतर क्वांटममध्ये पीएचडी करायची आहे आणि मंदामावशीला ‘अजून पाच वर्षं बिनपगारी’ अशी धास्ती वाटते, असं तुम्ही फोनवर म्हणालात. आधी ती धास्ती घालवा. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग कामाचा आढावा घेऊन ४२,०००. राहायला होस्टेल, नाहीतर घरभाडं वेगळं. वेळ मात्र पाच नाही, प्रयोगाची लॅब असेल तर सहा वर्षं धरून चला.

प्रवेशपरीक्षांपैकी सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा होते, गेट आणि जेस्ट (भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थांची सामायिक परीक्षा) एकदाच. जेस्ट त्याने सोडू नये. त्या एका निकालावर बऱ्याच संस्था मुलाखतीला बोलावतात, पण प्रत्येक संस्थेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. मुलं इथेच फसतात: रँक चांगली येते आणि तोवर फॉर्मची तारीख उलटून गेलेली असते. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची परीक्षा स्वतंत्र.

आई, ‘पण यात करतात काय?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. नागपूरच्या झिरो माइलपाशी समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे ना, तशा उंच्या पूर्वी दुर्बीण आणि पट्टी घेऊन टप्प्याटप्प्याने मोजत आणायचे. आता तेच काम घड्याळ करू शकतं. गुरुत्वाकर्षणामुळे उंचावरचं घड्याळ किंचित जलद चालतं आणि जगातल्या उत्तम अणुघड्याळांना एका सेंटिमीटरच्या चढाचाही फरक कळतो. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत यटर्बियम या धातूच्या एकाच आयनवर (विद्युतभारित अणूवर) असं घड्याळ उभारण्याचं काम चालतं. आपल्याकडे हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. तिच्या भुजा ४ किलोमीटरच्या आणि मोजायची हालचाल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहून लहान.

ऐकायला भारी वाटतं, पण दिवस जातो नटबोल्टांत. आयन पकडायचा तर निर्वात कक्ष हवा. त्याच्या दोन पोलादी फ्लँजांमध्ये (जोडाच्या कड्यांमध्ये) तांब्याची चकती बसते आणि फ्लँजची धार तिच्यात रुतून सील होतं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. एक बाजू आधी आवळली तर गळती ठरलेली. चकती एकदाच वापरायची. आत बोटाचा ठसा उमटला तरी त्यातली वाफ महिनोन्‌महिने निघत राहते, म्हणून हातमोजे. मग सगळा कक्ष सुमारे १५० ते २०० अंशांवर आठवडाभर भाजायचा. तापमान अगदी हळू चढवायचं, कारण काच आणि धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. घाई केली की खिडकी तडकते. नवी परदेशातून यायला महिने लागतात आणि पीएचडी लांबते ती बहुतेक अशानेच, अभ्यासाने नव्हे.

म्हणून संस्थेच्या नावाआधी लॅब कुठल्या टप्प्यावर आहे ते बघावं, हे माझं ठाम मत. केंद्र सरकारचं राष्ट्रीय क्वांटम मिशन २०२३ मध्ये मंजूर झालं, ६,००३.६५ कोटींचं. त्यातलं सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं, म्हणजे अशा सूक्ष्म मोजमापाचं, केंद्र आयआयटी मुंबईत आहे. पैसा आल्यामुळे नव्या लॅब उभ्या राहताहेत. रिकाम्या खोलीत शिरलेला विद्यार्थी यंत्र बांधायला उत्तम शिकतो, पण पेपर उशिरा येतात. चालू प्रयोगात उलट होतं. ओंकारला हातांनी काम करायची आवड असेल तर मी पहिला मार्ग सुचवीन. आवड गणिताचीच असेल तर क्वांटम माहितीशास्त्राचं सैद्धांतिक काम बघावं, प्रयागराजच्या हरीशचंद्र संस्थेत ते जोरात चालतं.

मुलाखतीला जाईल तेव्हा तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठून त्याने दोन गोष्टी विचाराव्यात: आधीच्यांना किती वर्षं लागली, आणि लेझर बिघडला तर दुरुस्त कोण करतं. तोवर सोल्डरिंग, ऑसिलोस्कोप आणि पायथन हाताखालून घालावं. मुलाखतीत हार्मोनिक ऑसिलेटर, टू-लेव्हल सिस्टिम असलं साधंच विचारतात, पण फळ्यावर पहिल्या ओळीपासून मांडायला लावतात.

त्याची मार्कशीट मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा. कुठे कुठे अर्ज करायचे ते मी रविवारी त्याच्याशी बोलून ठरवते.

तुमची,
मीनल