एका ओळीत न मावलेली चाळणी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हास्केलसारखी फंक्शनल, म्हणजे सारे काम गणितातल्यासारख्या फंक्शनांनी मांडणारी, संगणकाची भाषा शिकवताना एका ओळीत बसणारे प्रोग्राम विद्यार्थ्यांपुढे नमुन्यादाखल ठेवले जातात. ते पाहून मुले हरखतात आणि त्यात वावगे काही नाही. मात्र ओळ छोटी म्हणजे संगणकाला पडणारे कामही थोडे, असा जो समज त्यातून रुजतो, त्याबद्दल हे पत्र आहे.

या नमुन्यांपैकी एक अतिशय गाजलेला प्रोग्राम मूळ संख्यांची न संपणारी यादी देतो. 2 पासून पुढच्या सर्व संख्या घ्यायच्या, पहिली ठेवायची, बाकीच्यांतून तिने भाग जाणाऱ्या गाळायच्या आणि जे उरेल त्यावर पुन्हा हेच करायचे, एवढाच त्याचा आशय. याला वर्षानुवर्षे एरॅटोस्थेनिसची चाळणी (त्या प्राचीन ग्रीक विद्वानाची मूळ संख्या शोधण्याची रीत) म्हटले गेले. परंतु कॅलिफोर्नियातील हार्वे मड कॉलेजच्या मेलिसा ओनील यांनी 2009 साली ‘जर्नल ऑफ फंक्शनल प्रोग्रॅमिंग’मध्ये दाखवून दिले, की ही ती चाळणी नव्हेच. खऱ्या चाळणीत 7 हाती लागला की 49, 56, 63 अशा सातासातांच्या उड्या मारत संख्या खोडल्या जातात आणि 97 च्या वाटेला कोणी जातच नाही. या प्रोग्राममध्ये मात्र 97 ला तिच्याहून लहान अशा सर्वच्या सर्व 24 मूळ संख्यांनी भागून पाहिले जाते. शाळेतला मुलगासुद्धा 2, 3, 5 आणि 7 ने भागून थांबतो, कारण 11 चा वर्ग 97 च्या पुढे जातो. म्हणजे डौलदार दिसणारी ही ओळ पाटीवरच्या भागाकारापेक्षाही अधिक राबते.

याउलट फिबोनाची संख्यांची, म्हणजे आधीच्या दोहोंची बेरीज करून पुढची मिळते अशा संख्यांची, ओळ घ्या. 0 आणि 1 लिहून पुढे तीच यादी, तिच्याच पहिली संख्या वगळून उरलेल्या भागात जोडीजोडीने मिळवायची. जी यादी अजून तयार व्हायची आहे तिच्याच आधाराने ती तयार करणे ऐकताना अशक्य वाटते, पण हास्केल लागेल तेवढीच किंमत लागेल तेव्हा काढत असल्याने ते सहज जमते. 0 पासून मोजल्यास 30 वी संख्या येथे 29 बेरजांत मिळते. पाठ्यपुस्तकी व्याख्येप्रमाणे फंक्शनने स्वतःलाच दोनदा बोलावत गेल्यास त्यासाठी 26 लाखांहून अधिक वेळा फंक्शन चालवावे लागते. लांबीने या दोन्ही ओळी बहिणी शोभतील अशा आहेत. एक कामचुकार नसूनही वेळखाऊ, तर दुसरी खरोखरच चतुर.

हा प्रश्न केवळ हास्केल शिकणाऱ्या मूठभरांचा राहिलेला नाही. 2014 साली जावा या संगणकभाषेच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा (नाव न देता लिहिलेले फंक्शन) आणि स्ट्रीम (यादीवर एकामागून एक क्रिया जोडण्याची सोय) आल्यापासून हीच शैली नोकरीतल्या रोजच्या कोडमध्ये शिरली आहे. यादी क्रमाने लावून पहिली संख्या उचलायची, अशी सर्वांत लहान संख्या शोधणारी ओळ जावामध्ये सगळी यादी क्रमाने लावूनच पुढे सरकते. हास्केलमध्ये तीच कल्पना पहिल्या संख्येपुरते काम करून थांबते. सारखी दिसणारी ओळ भाषा बदलली की किती वेगळी वागते, हे ती नुसती वाचून कळत नाही.

म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना आणि परीक्षकांना विनंती अशी, की प्रात्यक्षिक परीक्षेत अशी ओळ लिहून घेतल्यावर तिच्या लांबीला गुण देण्याऐवजी विद्यार्थ्याला एखादी छोटी संख्या द्यावी आणि त्या ओळीतून ती जाताना किती भागाकार किंवा किती बेरजा होतात, हे कागदावर मांडायला सांगावे. त्याला दहा मिनिटे पुरतात आणि त्यासाठी संगणकही लागत नाही.

कळावे,
आपला एक वाचक,
पुणे